क्रूझ बुक करताय? आधी लसींचं कॅलेंडर काढा

आमच्याकडे ट्रिपचं सगळं प्लॅनिंग माझ्या गळ्यात असतं. कोणी सोपवलं नव्हतं, पण आलं आणि राहिलं. तिकिटं, व्हिसा, फॉरेक्स, कोणाला खिडकी हवी, कोणाच्या बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या घ्यायच्या, हे सगळं ठीक आहे हो, पण क्रूझ म्हटलं की त्यात अजून एक खातं वाढतं आणि ते कुठलाच एजंट पहिल्या फोनवर सांगत नाही. लसींचं खातं. कुठली लस लागते हे शोधलं की पाच मिनिटांत सापडतं. ती कधी घ्यायची, हा खरा घोळ आहे, कारण लवकर घेतली तरी पंचाईत आणि उशिरा घेतली तर विचारूच नका.

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर ब्राझील-अर्जेंटिनाच्या क्रूझचं जोरात चाललंय, रिओहून निघायचं, मॉन्टेव्हिडिओ करत ब्यूनस आयर्सला उतरायचं. त्यात मला रोज कोणीतरी विचारतं की अगं कोविडचा बूस्टर परत घ्यावा लागेल का, यलो फीवरची (तो डासांमुळे पसरणारा ताप) किती आधी घ्यायची, फ्लूची आत्ताच घेऊन टाकू का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, ग्रुपवर लिंक टाकून मोकळी होते.

आधी कोविडचं, कारण सगळं गणित मी तिथेच शिकले.

आई-बाबांच्या लग्नाला २०२० मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा भूमध्य समुद्रातली क्रूझ करायची ठरली होती. २०२० चं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. जपानमध्ये योकोहामाला उभी असलेली ती डायमंड प्रिन्सेस आठवते ना, ३,७११ लोक बोटीवर आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण, आपली बरीच मुलं त्यावर नोकरीला होती, आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा जीव तेव्हा महिनाभर टांगणीला लागला होता. त्यानंतर क्रूझवाले लसीच्या बाबतीत इतके कडक का झाले हे वेगळं सांगायला नको. आणि आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या बोटीवर साधारण दोन हजार लोकांमध्ये ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि बोट परत मुंबईला आणली, ती बातमी आम्ही घरात बसून बघत होतो आणि आई म्हणत होती, "कॅन्सल करा ते सगळं."

केलं नाही. जुलै २०२२ ची बोट घेतली, बार्सिलोनाहून. आणि मग लक्षात आलं की इथे एक नाही, तीन घड्याळं चाललीयेत आणि तिन्ही वेगवेगळ्या भिंतींवर. बोटीचं म्हणणं, शेवटचा डोस बोट सुटायच्या किमान १४ दिवस आधी झालेला पाहिजे. स्पेनचं म्हणणं, पहिल्या दोन डोसचं सर्टिफिकेट दुसऱ्या डोसपासून २७० दिवसच चालेल, त्यानंतर बूस्टर दाखवा. आणि आपल्या सरकारचं म्हणणं, प्रिकॉशन डोस (आपण बूस्टरला तेव्हा प्रिकॉशन डोस म्हणायचो) दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवडे झाल्याशिवाय मिळणार नाही.

आता ३९ गुणिले ७ करा. २७३. म्हणजे तिकडे सर्टिफिकेट २७० व्या दिवशी मरणार आणि इकडे पुढचा डोस २७३ व्या दिवशी मिळणार. कोणीतरी मुद्दाम बसून काढल्यासारखे ते मधले तीन दिवस. आणि डोस मिळाला तरी बोटीचे १४ दिवस त्याच्यापुढे.

आई-बाबांचं सोपं होतं. साठीच्या वरच्यांना व्याधी असतील तर १० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोस सुरू झाला होता, दोघांना बीपी-शुगर दोन्ही, आणि त्यांचे पहिले दोन्ही डोस २०२१ च्या मार्च-एप्रिल-मे मध्येच झालेले, त्यामुळे नऊ महिने आरामात भरले. महापालिकेच्या सेंटरवर फुकट झालं. माझं आणि नवऱ्याचंही जमलं, १८ ते ५९ वाल्यांना १० एप्रिलपासून प्रायव्हेटमध्ये उघडलं, लसीचे २२५ आणि वर जास्तीत जास्त १५० सर्व्हिस चार्ज, घेऊन टाकला.

अडकले माझा धाकटा दीर आणि जाऊ. २०२१ च्या उन्हाळ्यात तरुण लोकांना स्लॉट मिळवणं म्हणजे काय होतं आठवतंय ना, दुपारी को-विन उघडायचं, पिनकोड टाकायचा, हिरवं दिसेपर्यंत लाल व्हायचं. त्यांचा पहिला डोसच जुलैमध्ये झाला, कोविशील्डचं अंतर तेव्हा ८४ दिवसांचं केलेलं, त्यामुळे दुसरा थेट ऑक्टोबरात. समजा ५ ऑक्टोबर २०२१ धरा. २७० दिवस संपतात २ जुलैला. बूस्टर मिळतो ५ जुलैला. चौदा दिवस भरतात १९ जुलैला. आणि बोट सुटते १० जुलैला! कुठूनही मोजा, बसत नाही. मी वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून पाहिलं, नवरा म्हणाला तू काय सीए झालीस का.

मग १२ मेला सरकारने जाहीर केलं की परदेशी जाणाऱ्यांना त्या देशाच्या नियमाप्रमाणे नऊ महिन्यांच्या आधीही डोस घेता येईल. ती बातमी वाचून जाऊबाईंनी मला फोन केला तो मी लोकलमध्ये घेतला आणि अख्ख्या लेडीज डब्याला कळलं की आमचं स्पेनचं जमलंय. डोस जूनच्या सुरुवातीला घेतला, म्हणजे चौदा दिवसांच्या वर भरपूर मोकळी जागा राहिली. गंमत म्हणजे आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा ६ जुलैला सरकारने सगळ्यांसाठीच अंतर नऊवरून सहा महिन्यांवर आणलं, आणि आमची बोट परत बार्सिलोनाला लागल्यावर लगेचच, १८ जुलैला, अमेरिकेच्या सीडीसीने (साथीच्या आजारांवर लक्ष ठेवणारी तिकडची सरकारी संस्था) क्रूझसाठीचा आपला कोविड प्रोग्रॅमच बंद केला. म्हणजे नियम तुमच्या पाठीमागून धावत येतात, तुमच्यासाठी थांबत नाहीत.

अजून एक, जे लसीचं नाही पण लसीच्या कागदाचं आहे. आपल्या मराठी लोकांची नावं. पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव असं तीन डब्यांचं नाव, आणि को-विनवर आधार कार्डवरून आलेलं दोन डब्यांचं, नाहीतर आईसारखं, लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर. बोटीच्या काउंटरवरची मुलगी फिलिपिन्सची असते, तिला "अहो हे माझे मिस्टर" सांगून उपयोग नसतो. आम्ही को-विनवर पासपोर्ट नंबर जोडला, नाव पासपोर्टप्रमाणे करून घेतलं आणि परदेशासाठीचं सर्टिफिकेट, ज्यात पूर्ण जन्मतारीख येते, ते वेगळं काढलं. नुसतं वय लिहिलेलं जुनं सर्टिफिकेट चालत नाही असं वाचून २०२१ मध्येच लोकांची धावाधाव झाली होती. डोसच्या तारखेइतकंच हे महत्त्वाचं आहे, बरं का.

आता आजचं उत्तर. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कोविडच्या लसीची अट काढून टाकलीये, अमेरिकेने परदेशी प्रवाशांसाठीची अट १२ मे २०२३ पासून काढली, त्यामुळे ग्रुपवरच्या "बूस्टर परत घ्यावा लागेल का" याला बोटीकडून उत्तर साधारण नाही असंच येतं. पण "बोट मागत नाही" आणि "मला गरज नाही" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले लोक नेमकी तिथेच गल्लत करतात. बोटीचा नियम काय सांगतो, तर कमीत कमी किती. १४ दिवस आधी म्हणजे डोस अंगात काम करायला लागलेला असावा एवढंच. तुमच्या अंगात त्याचा जोर कधी जास्त असेल हे बोट बघत नाही. कोविडचा बूस्टर असो की फ्लूची लस, लागण होण्यापासूनचं संरक्षण काही महिन्यांत उतरत जातं, गंभीर आजारापासूनचं त्याहून जास्त टिकतं. म्हणून मी घरच्यांना सांगते की ज्या लसीचा जोर उतरतो ती बोटीच्या साधारण महिनाभर आधी घ्या, डॉक्टरांना विचारून. सहा-आठ महिने आधी घेऊन "माझं झालं" म्हणून मोकळं होऊ नका आणि आदल्या आठवड्यात घेऊन हात सुजलेला, अंगात कसकस, अशा अवस्थेत विमानात बसू नका.

आता यलो फीवर. इथे मात्र बोट, देश आणि आपलं सरकार, कोणीही अडवू शकतं, सुटका नाही.

आधी सोपं. एकच डोस, सर्टिफिकेट डोसनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. बूस्टर नाही. त्याआधी दर दहा वर्षांनी परत घ्यायला लागायची, आणि सर्टिफिकेटच्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची तारीख छापलेली असली तरी तीसुद्धा आता आयुष्यभराचीच धरतात. आमचे एक मेव्हणे शिपवर असतात, त्यांच्याकडे पिवळी पुस्तिका इतकी जुनी आहे की कोपरे गळून पडलेत, तरी चालते. तर ज्यांनी पूर्वी कधी केनिया-बिनियासाठी घेतलीये त्यांनी आधी घरातली कपाटं शोधा, परत टोचून घ्यायच्या आधी.

आणि ही लस फक्त ब्राझीलच्या जंगलात जाणाऱ्यांसाठी नाही. आपल्या सरकारच्या यादीत देशांची नावं आहेत, ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबिया, पेरू, एक्वाडोर, पनामा, शिवाय त्रिनिदाद, आणि आफ्रिकेतले केनियासकट बरेच. म्हणजे पनामा कालव्याची क्रूझ करून आलात, कॅरिबियनमध्ये बोट दिवसभर त्रिनिदादला लागली आणि तुम्ही खाली उतरून नारळपाणी पिऊन आलात, तरी परत येताना मुंबईच्या विमानतळावर प्रश्न येणार. त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि सर्टिफिकेट नसेल तर उरलेले दिवस क्वारंटाइन होऊ शकतं. सहा का, तर डास चावल्यापासून आजार दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

आपल्याकडे यलो फीवर नाही, मग एवढं कडक कशाला, असं नवऱ्याने विचारलं. अहो, नाही म्हणूनच. तो पसरवणारा डास, एडिस, आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यूचा तोच. पावसाळ्यात महापालिकेची माणसं सोसायटीत येऊन कुंडीखालच्या बशा आणि गच्चीवरचे टायर कशासाठी तपासतात? डास तयार आहे, माणसं दाटीवाटीने राहतात, लस कोणालाच टोचलेली नाही. एक आजारी माणूस आला तर काय होईल ह्याचा विचार केला की विमानतळावरच्या त्या काउंटरचा राग येत नाही. मला तरी येत नाही.

आता अवघड भाग, आणि ह्याच्यासाठीच मी म्हणते की कॅलेंडर बुकिंगच्या आधी काढा.

ही लस कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक सेंटरवरच मिळते, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ही त्यातली दोन. तिथेही मनात आलं आणि गेलो असं नाही, अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि दिवस-संख्या ठरलेली असते. ह्याचं कारण कळलं तेव्हा मला पटलं. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात, पावडर विरघळवून बाटली उघडली की सहा तासांत वापरायची नाहीतर फेकायची. मग एका माणसासाठी ते बाटली कशी उघडतील? माणसं जमवूनच देणार. म्हणून बोट सुटायच्या तारखेतून नुसते दहा दिवस वजा करून चालत नाही, अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ, त्यात गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, मध्येच साठा संपला तर तो, हे सगळं वजा करायचं. मी तर दोन महिने धरते. जाताना ओरिजिनल पासपोर्ट न्यायचा, आणि पुस्तिकेवरचं नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, बॅच नंबर, सही, शिक्का हे तिथेच उभं राहून वाचायचं. घरी येऊन वाचलं आणि एक आकडा चुकला असेल तर परत एवढ्या लांब जावं लागतं, आणि मुलुंडहून कुठेही जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

दुसरं, ही जिवंत लस आहे, म्हणजे विषाणू कमजोर केलेला पण जिवंत. त्यामुळे गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर किंवा कांजिण्यांची लस, ह्या पण जिवंत, एकतर त्याच दिवशी घ्यायच्या नाहीतर मध्ये किमान चार आठवडे सोडायचे. माझ्या भाचीचा कांजिण्यांचा दुसरा डोस राहिलाय असं तिच्या आईच्या ह्याच सगळ्या गडबडीत लक्षात आलं, २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली होती तेव्हापासून ती मुलांच्या लसीची फाइल अगदी जपून ठेवते म्हणून बरं. तर तिचं कॅलेंडर वेगळं: आधी कांजिण्या, मग चार आठवडे, मग यलो फीवर, मग दहा दिवस, मग बोट. आता बोटीपासून उलटं मोजा, किती आधी सुरुवात करावी लागते बघा. फ्लू, टायफॉइडचं इंजेक्शन, हेपटायटिस ए ची मारलेली लस, धनुर्वात ह्यांना हा नियम नाही, त्या मध्ये कधीही बसतात.

आणि तिसरं, आमचे काका.

काका सहासष्टचे, तब्येतीने टुणटुणीत, रोज सकाळी कॉलेज रोडवरून चालून येतात, पण संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदा. आता साठीच्या वर पहिल्यांदाच यलो फीवरची लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, म्हणून डॉक्टर आधी विचार करतात की ह्या माणसाला तिथे जायची खरंच गरज आहे का. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर जिवंत लस म्हणजे नकोच. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांचंही तसंच. एजंटने काकांना काय विचारलं होतं? पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड आहे का, आणि व्हेज की नॉनव्हेज.

काकांनी स्वतःच तोडगा काढला. "मी गोळी दोन आठवडे बंद ठेवतो, लस घेतो, परत सुरू करतो, त्यात काय." त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ज्या शब्दांत हाकललं ते काकूंनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. मग दुसरा तोडगा आला की डॉक्टर सूट असल्याचं पत्र देतात ना, ते घेऊया. देतात, तशी सोय आहे, वैद्यकीय कारणासाठी लस देता येत नाही असं लिहून मिळतं. पण ते पत्र मानायचं की नाही हे त्या त्या बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या हातात, क्रूझ कंपनीने चढू दिलं तरी पुढच्या देशाने उतरू दिलं पाहिजे, आणि परत मुंबईत आल्यावर आपल्या लोकांसमोर ते परत ठेवायचं. आणि खरं सांगू, कागदाचं सगळं जमलं तरी डास पत्र वाचत नाही. ज्या माणसाला लस देता येत नाही, ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने खाली ठेवलीये, त्याला ज्या देशात तो आजार आहे तिथे घेऊन जायचं हे मला पटत नाही. पत्र ही अगदीच नाइलाज असलेल्यांसाठीची सोय आहे, कार्निव्हल बघायला जाणाऱ्यांसाठी नाही.

मी ग्रुपवर सरळ लिहिलं की काका-काकूंसाठी आपण नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्र, बघूया. तिकडे यलो फीवरचा प्रश्नच नाही, आणि ज्यांना ब्राझीलच करायचंय त्यांनी जानेवारीत करावं. ह्यावर दोन दिवस सन्नाटा, मग काकांचा थम्स-अप, मग काकूंचा व्हॉइस मेसेज की तिकडे थंडी किती असते आणि स्वेटर कुठून घ्यायचे. झालं. डिपॉझिट भरायच्या आधी हे बोलणं झालं म्हणून कोणाचे पैसे बुडाले नाहीत. हेच बोलणं डिपॉझिट भरल्यावर झालं असतं तर काकांनी नक्की गोळी बंद केली असती, मी ओळखते ना त्यांना.

फ्लूची लस "आत्ताच घेऊन टाकू का" ह्याचं उत्तर, थांबा. फ्लूच्या लसीत कुठले विषाणू घालायचे हे डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा ठरवतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण मुंबईत पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे मध्ये जी घेतो ती बहुधा दक्षिण गोलार्धाची, कारण आपल्याकडे फ्लू पावसात जोर धरतो, जानेवारी-मार्चमध्ये थोडा परत डोकं वर काढतो. आता जानेवारीच्या बोटीवर निम्मे लोक युरोप-अमेरिकेच्या कडाक्याच्या थंडीतून, म्हणजे त्यांच्या ऐन फ्लूच्या सीझनमधून पळून आलेले असणार, आणि रिओमध्ये ऊन असलं तरी बोटीवर जेवायला, नाचायला, लिफ्टमध्ये सगळे एकत्रच. मेमध्ये घेतलेल्या लसीचा जोर तोवर बराच उतरलेला. म्हणून आम्ही डिसेंबरमध्ये घेणार, उत्तर गोलार्धाची मागून, किमान दोन आठवडे आधी, आणि क्लिनिकमध्ये फोन करतानाच विचारायचं की तुमच्याकडे कुठली आहे आणि कुठल्या सालची. "फ्लूची आहे हो मॅडम" ह्या उत्तरावर समाधान मानायचं नाही. फ्लू म्हणजे फक्त थंडीत असंही नाही, १९९८ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या पर्यटकांमध्ये, क्रूझवाल्यांमध्ये धरून, मोठी साथ आली होती, तेव्हा अलास्काला जाणाऱ्यांनी मे-जूनमध्ये पण विचार करा.

नागिणीची लस, म्हणजे शिंग्रिक्स, सासूबाईंना घ्यायचीये. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने, आणि बऱ्याच जणांना एक-दोन दिवस हात चांगलाच दुखतो, ताप येतो. ती बोटीसाठी कोणी मागत नाही, त्यामुळे ट्रिपच्या तोंडावर अजिबात नको, परत आल्यावर निवांत. हेपटायटिस ए चे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने. आपल्या पिढीला लहानपणी वडापावच्या गाडीवरच्या पाण्याने बहुतेक नैसर्गिकच मिळालंय, पण फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांचं डॉक्टरांना विचारा. टायफॉइडची किमान दोन आठवडे आधी.

आणि ज्याला सगळे घाबरतात, बोटीवरच्या उलट्या-जुलाब, नोरोव्हायरस, त्याला लसच नाही. त्याच्यासाठी साबण आणि पाणी. सॅनिटायझरचे पंप जागोजागी असतात पण नोरोवर ते नीट चालत नाहीत, बुफेच्या आधी हात धुवायचे, खसाखसा, आजी धुवायला लावायची तसे.

ज्यांना हे सगळं वाचून घाम फुटला त्यांच्यासाठी, बॅलार्ड पियरवरून गोवा नाहीतर लक्षद्वीपची बोट घ्या, यलो फीवरचं नाव नाही. मला त्यातही मजा वाटते, उगाच लांबचं तेच चांगलं असं काही नाही.

बाकीच्यांना शेवटचं, हे शिपवाल्या मेव्हण्यांकडून. बोटीवर चढताना मोठ्या बॅगा खालीच हमालाकडे द्यायच्या असतात आणि त्या केबिनच्या दारात येतात संध्याकाळी. लसीची पुस्तिका मागतात दुपारी काउंटरवर. दरवेळी कोणीतरी असतंच म्हणाले, ज्याची पुस्तिका मोठ्या बॅगेत, साडीच्या घडीत सुरक्षित ठेवलेली असते आणि मग बॅग शोधायला कोणाला तरी खाली पळवावं लागतं. तर पुस्तिका पासपोर्टबरोबर खांद्याच्या पर्समध्ये ठेवायची, आणि त्याचे फोटो मला आजच पाठवा, मी नावं तपासते. काकू, तुमचाही पाठवा, नॉर्वेला लागणार नसली तरी, तुम्ही मागे केनियाला गेला होतात ना?